नकाशावरची खिंड



लेकीच्या बाळंतपणासाठी सहा महिने अमेरिकेत राहून आले, तेव्हापासून तुमच्यातल्या बऱ्याच जणी एकच विचारतायत, तिथं खाण्यापिण्याचं कसं केलंत? त्यावर सविस्तर लिहीन. पाणी गाळायचं फडकं, कांदा-लसणाशिवायचा किराणा, मेथीचे लाडू, सगळं लिहीन. पण त्याआधी एक दुसरी गोष्ट लिहून मोकळं व्हायचंय. ती मी फक्त माझ्या धाकट्या जावेला सांगितली होती. ऐकून ती म्हणाली, "आक्का, हे काही लिहू नका हं." म्हणजे लिहायलाच हवं.

पाठशाळेत आपण सगळ्यांनी सप्तव्यसनं पाठ केलीत. जुगार, मांस, मद्य, वेश्या, शिकार, चोरी, परस्त्री. लहानपणी मला त्यातलं शिकार हे सगळ्यांत सोपं वाटायचं. जुगार म्हटलं की दिवाळीतले पत्ते आठवायचे, चोरी म्हटलं की शेजारच्या परड्यातल्या चिंचा, आणि मनात थोडी धाकधूक व्हायची. शिकारीचं तसं काही नव्हतं. शिकार म्हणजे कोल्हापूरच्या महाराजांच्या जुन्या फोटोंतली. जयसिंगपूरच्या पेठेतून कोण उठून शिकारीला जाणार? ज्याची पाळी आपल्यावर कधी येणारच नाही असं ते व्यसन, आणि त्याचा त्याग म्हणजे फुकटचं पुण्य!

मे महिन्याच्या शेवटी मी शिकागोजवळ लेकीकडे पोचले. जूनमध्ये एका संध्याकाळी जावई मला म्हणाला, "आई, एक गोष्ट तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच सांगतो. मी नोव्हेंबरमध्ये हरणाच्या शिकारीला जाणार आहे."

जावई तिथलाच, इलिनॉयमध्ये वाढलेला. माणूस लाखात एक. लग्नाला पाच वर्षं झाली, पण लेकीच्या स्वयंपाकघरात त्यानं अंडंसुद्धा आणलेलं नाही. त्याचं तो बाहेर खातो, कधी डबा आणला तर मागच्या अंगणात बसून खातो आणि हात धुऊन आत येतो. मी गेले की दिवस मावळायच्या आत माझ्याबरोबर जेवायला बसतो. त्याच्या आजोबांनी शिकार केली होती, वडिलांनी कधी केली नाही, त्यामुळे त्याला शिकवणारं घरात कुणी नव्हतं. बंदूकही त्यानं आयुष्यात धरलेली नव्हती.

मी विचारलं, "मग आत्ताच का?"

तो म्हणाला, "बाळ येतंय. उद्या ते विचारेल, आई खात नाही, तू का खातोस? मी दुकानातून गुंडाळलेलं पाकीट आणतो, म्हणजे माझ्यासाठी कुणीतरी मारलेलं असतं. एकदा ते काम मी स्वतः करून बघणार. जमलं नाही, सोसलं नाही, तर मला खायचा अधिकार नाही."

मला काय बोलावं कळेना. रागवावं असं त्यात काही नव्हतं आणि बरं म्हणावं असंही नव्हतं. शेवटची दोन वाक्यं तेवढी मी मनात धरून ठेवली. म्हटलं, सोसणार नाही त्याला. जाऊन येऊ दे, सुटेल.

मैत्रिणींनो, शिकार म्हणजे बंदूक घेऊन रानात शिरायचं, एवढंच मला माहीत होतं. तिथं मी पाहिलं की एका माणसाच्या एका शिकारीची तयारी पाच-सहा महिने चालते. लग्नाची याद्या-आमंत्रणं परवडली!

पहिला प्रश्न, कुठल्या राज्यात जायचं? शिकागोच्या भोवती मैलोन् मैल शेतं आणि ती सगळी खासगी. पैसे देऊन वाटाड्या घेतला तर तो सगळं दाखवतो, पण जावयाला सगळं स्वतःच करायचं होतं. मग दुसऱ्या राज्यात, सरकारी जंगलात. तिथं प्रत्येक राज्याची तऱ्हा वेगळी. आयोवामध्ये बाहेरच्या माणसानं दरवर्षी पैसे भरून गुण साठवायचे आणि काही वर्षांनी सोडतीत नंबर लागायची वाट बघायची. कॅन्ससमध्ये सोडत असते, पण तिचे अर्ज एप्रिलमध्येच भरायचे, ती मुदत टळून गेलेली. मिसुरीमध्ये मात्र परवाना थेट विकत मिळतो. तिथल्या रहिवाशाला वीसेक डॉलरला, बाहेरच्याला अडीचशेच्या वर. त्यात एक हरीण. असं ठरत ठरत मिसुरीच्या दक्षिणेला ओझार्क नावाच्या डोंगराळ भागात मार्क ट्वेन राष्ट्रीय वन आहे, जवळजवळ १५ लाख एकरांचं, तिथं जायचं ठरलं. घरापासून गाडीनं सहा-सात तास.

मग अभ्यासक्रम. १ जानेवारी १९६७ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना मिसुरीत शिकारीचं प्रशिक्षण घेतल्याचा दाखला लागतो. एका राज्याचा दाखला दुसऱ्या राज्यात चालतो, म्हणून त्यानं तो घरबसल्या इलिनॉयचाच घेतला. त्याचं पुस्तक टेबलावर पडलेलं असायचं आणि मी बत्तीस वर्षं शिक्षिका, छापील कागद दिसला की वाचणारी. प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असं समजा. नळीचं तोंड कुणाकडे वळवू नका. नेम धरेपर्यंत बोट चापावर नको. आणि निशाण्याच्या पलीकडे काय आहे ते आधी पाहा. वाचताना वाटलं, इतकी यत्ना! आपण ईर्यासमितीत चार हात जमीन बघून पाऊल टाका म्हणतो, तसलीच बारकाई, फक्त वळण दुसरीकडे.

इलिनॉयमध्ये बंदूक बाळगायला वेगळं कार्ड लागतं, तेही त्यानं काढलं. पण बंदूक या घरात येणार नाही ही लेकीची पहिली अट. ती त्याच्या वडिलांकडे राहिली. मांसही येणार नाही, ही दुसरी. ते त्याच्या आईच्या फ्रीजरमध्ये जाणार होतं. तिथल्या हरणांत मेंदू पोखरणारा एक रोग पसरलाय, १९६७ मध्ये कोलोराडोत पहिल्यांदा दिसलेला. त्यामुळे अख्खं धड एका राज्यातून दुसऱ्यात न्यायला बऱ्याच ठिकाणी मनाई आहे. कणा आणि डोकं मागं ठेवायचं. हे तो लेकीला सांगत होता तेव्हा मी उठून बाहेर गेले. त्याबद्दल एवढंच.

एकदा त्यानं मला समजावून सांगितलं की परवान्यांचा पैसा रानावरच खर्च होतो, आणि १९३७ च्या एका कायद्यानं शिकारीच्या बंदुका-काडतुसांवर ११ टक्के कर आहे, तोही वन्यप्राण्यांसाठीच जातो. शंभर वर्षांपूर्वी ही हरणं जवळजवळ संपत आली होती, आज रस्त्यावर गाड्यांना आडवी येतात इतकी झाली. मी ऐकून घेतलं. खोटं काहीच नव्हतं त्यात. पण ज्या हरणाला गोळी लागते त्याला हा हिशोब कुणी सांगायचा?

आता मूळ गोष्टीकडे येते.

जुलै महिना. लेक सातव्या महिन्यापुढची, पाय सुजलेले, ती लवकर झोपायची. जावयानं एका रात्री त्या जंगलाचा नकाशा टेबलावर पसरला. मोठा, छापून आणलेला. त्यावर डोकं धरून बसला. मग म्हणाला, "आई, या तपकिरी रेषा जवळ-जवळ आल्या म्हणजे काय?"

मैत्रिणींनो, बत्तीस वर्षं मी भूगोल शिकवला. समोच्च रेषा हा माझा सगळ्यांत आवडता धडा. बटाट्याचे काप करून शिकवायचे मी तो. घरी बटाटा खात नाही, पण शाळेत डोंगर त्याचाच व्हायचा. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तेव्हापासून समोच्च रेषेबद्दल मला कुणी एक अक्षर विचारलेलं नाही. मी खुर्ची ओढून बसले.

रेषा जवळ म्हणजे उतार तीव्र, लांब म्हणजे सौम्य. रेषांचं टोक उंच बाजूकडे वळलं तर घळ, सखल बाजूकडे वळलं तर डोंगराची सोंड. तो पटापट टिपून घेत होता. चांगला विद्यार्थी मिळाला की शिक्षकाचं काय होतं ते शिक्षकालाच माहीत. मग मी त्याला वारे सांगितले. दिवसा उतार तापतात, हवा दरीतून वर चढते, ते दरीय वारे. रात्री उतार गार पडतात, हवा खाली घसरते, ते पर्वतीय वारे. पहाटे अजून खाली वाहत असतात, ऊन चढलं की उलटतात. तो खुर्चीतून उठलाच. म्हणाला, "म्हणजे सकाळी मी वर बसलो तर माझा वास खाली जाणार, आणि नऊ-दहा वाजता खाली बसलो तर वर!" हरीण डोळ्यांपेक्षा नाकावर जगतं. वारा कळावा म्हणून त्यानं पावडरची एक छोटी बाटली आणली होती, दाबली की भुसकन धूर निघायचा. आम्ही दोघांनी ती पंख्यासमोर दाबून पाहिली आणि हसलो.

आणि मग मला ती दिसली. दोन टेकड्यांच्या मधोमध रेषा कमरेसारख्या आत आलेल्या. खिंड. मी बोट ठेवलं. म्हटलं, "ही बघ. या बाजूला ओढा, त्या बाजूला ओक वृक्षांचं रान, आणि मध्ये हा लांबच्या लांब डोंगर. इकडून तिकडे जायचं तर कुणीही शहाणा प्राणी माथ्यावर कशाला चढेल? इथूनच जाईल." वर त्याला पावनखिंडीची गोष्टही सांगितली. १६६० सालची ती रात्र, पन्हाळ्याहून विशाळगडाकडे जाताना बाजीप्रभूंनी अरुंद जागा का धरली ते. त्याला फार आवडली. नकाशावर माझ्या बोटाच्या जागी त्यानं लाल टाचणी टोचली आणि म्हणाला, "आई, तुम्ही नसता तर मला हे वर्षभर कळलं नसतं."

मी इतकी खूश होऊन झोपायच्या खोलीत गेले म्हणून सांगू!

रोजच्यासारखी जपमाळ घेऊन बसले. समोर शांतिनाथ भगवंतांचा फोटो. फोटोसाठी फळी जावयानंच ठोकून दिली होती, आणि तेव्हा विचारलं होतं, "खाली हा प्राणी कोणता?" मी सांगितलं होतं, हे त्यांचं लांछन, हरीण. त्या रात्री माळ हातात धरली आणि नजर त्या लांछनावर गेली. णमोकाराचं पहिलं पद तोंडात तसंच राहिलं.

माळेत १०८ मणी का, ते आपल्याला महाराजांनी कितीदा सांगितलंय. संरंभ म्हणजे करायचं ठरवणं. समारंभ म्हणजे त्याची साधनं जमवणं. आरंभ म्हणजे प्रत्यक्ष सुरू करणं. हे तीन. ते मनानं, वचनानं, कायेनं, म्हणून नऊ. स्वतः केलं, करवलं, अनुमोदलं, म्हणून सत्तावीस. आणि क्रोध, मान, माया, लोभ या चारांनी गुणले की १०८. इतकी वर्षं मी हा गुणाकार पाठशाळेतल्या पोरांना पाढ्यासारखा शिकवला. कधी वाटलं नव्हतं की एखाद्या रात्री त्यातला नेमका एक मणी बोटात येईल आणि त्यावर माझंच नाव असेल. समारंभ. वचन. आणि कषाय कोणता? मान. मला भूगोल येतो हा मान. करवलं की अनुमोदलं, यावर तेवढी मी अडले. मग बोट नकाशावर टेकलं होतं ते आठवलं. म्हणजे कायासुद्धा आली, एका मण्यावर भागत नव्हतं.

शिकार ही संकल्पी हिंसा. स्वयंपाकात, शेतीत, धंद्यात जी होते ती गृहस्थाला पुरती टळत नाही, पण ठरवून मारणं, ते तर पहिल्या पायरीवरच सोडायचं. आणि मी, जिनं आयुष्यात झुरळावर पाय दिला नाही, मी सात समुद्र ओलांडून एका नवशिक्या शिकाऱ्याला हरीण कुठून जाईल ते दाखवून आले होते. यशोधर राजाची कथा आठवली. आईच्या आग्रहानं त्यानं देवीपुढं कोंबडा कापला तो पिठाचा होता. रक्ताचा थेंब सांडला नाही. तरी मायलेक दोघांना किती जन्म पशुयोनीत भोगावे लागले! माझं हरीण तर पिठाचंही नव्हतं, कागदावरचं होतं. झोप लागली नाही त्या रात्री.

दुसऱ्या दिवसापासून मी त्या टेबलाकडे फिरकेनाशी झाले. त्यानं काही विचारलं की "आता आठवत नाही रे," म्हणायचे. खोटंच की ते. एका पापावर दुसरं. लेकीच्या लक्षात आलं. ती म्हणाली, "आई, तुला नाही पटत तर त्याला तोंडावर सांग. पण असं गप्प गप्प राहून घरात सुतक आणू नकोस. माझं बाळंतपण तोंडावर आलंय." तिचं बरोबर होतं. पण सांगायचं काय? समोच्च रेषा परत घे?

ऑगस्टमध्ये नात झाली. त्या गडबडीत सगळं मागं पडलं, आणि खरं सांगते, बरं वाटलं. जावई रात्ररात्र जागायचा, पोरीला खांद्यावर घेऊन फेऱ्या मारायचा. त्याच्या तोंडून शिकारीचं नाव निघेना, तेव्हा मला वाटलं सुटलं. पण सप्टेंबरात फ्रीजवर लावलेला माझा सूर्योदय-सूर्यास्ताचा तक्ता त्यानं फोनमध्ये टिपून घेतला. मी तो जेवणाच्या वेळेसाठी लावलेला. तिकडे जूनमध्ये साडेआठला मावळतो, नोव्हेंबरात साडेचारलाच. मिसुरीत सूर्योदयाआधी अर्ध्या तासापासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंतच हरणावर गोळी झाडता येते, म्हणून त्यालाही मिनिटं मोजायची सवय करायची होती. दिवस मावळायचा हिशोब ठेवणारी त्या घरात आम्ही दोघंच.

दशलक्षण पर्वात बार्टलेटच्या जैन मंदिरात जात होते. मोठं देखणं मंदिर आहे, १९९३ साली प्रतिष्ठा झालेलं. लेक ओली बाळंतीण, म्हणून जावईच सोडायचा. क्षमावणीच्या दिवशी तो आत येऊन मागं भिंतीशी बसून राहिला. सगळे एकमेकांपुढे हात जोडत होते ते बघत होता. परतताना गाडीत मी म्हटलं, "आज आमच्यात क्षमा मागतात. मला तुझी मागायचीय."

तो घाबरलाच. मी सगळं सांगितलं. माळेचं, मण्यांचं, टेबलाकडे का येत नव्हते त्याचं. तो म्हणाला, "पण आई, नकाशा वाचायला शिकवणं हे पाप कसं?"

"नकाशा शिकवणं नाही. कशासाठी विचारतोयस ते मला माहीत होतं, आणि तरी मी खिंड शोधून दिली. तू न विचारता."

बराच वेळ तो गप्प गाडी चालवत राहिला. मग म्हणाला, "मी एक विचारू? पाच वर्षं मी दुकानातलं आणून अंगणात बसून खातो. तुम्ही खिडकीतून बघता. तेव्हा कधी काही बोलला नाहीत. आता मी पहिल्यांदाच लपवाछपवी सोडून करायला निघालोय, तेव्हा तुम्हाला झोप लागत नाही."

मैत्रिणींनो, याला मी काय उत्तर देणार होते? खिडकीतून बघत होते हे खरं. पाकीट झाकलेलं होतं, म्हणून माझंही भागत होतं. त्याच्या डब्यासाठी वेगळा चमचा मीच काढून ठेवला होता, आपली भांडी बाटू नयेत म्हणून. मी म्हटलं, "तुझं बरोबर आहे. त्याचीही क्षमा." एवढंच सुचलं.

घरी आल्यावर त्यानं नकाशा काढला आणि माझ्यासमोर ती लाल टाचणी उपटली. "तुमची खिंड मी सोडली. माझी जागा मीच शोधीन." मला हायसं वाटलं, आणि लगेच कळलं की यात हायसं वाटण्यासारखं काही नाही. दोन डोंगर पलीकडच्या हरणालाही तेवढाच जीव आहे.

ऑक्टोबरात नारिंगी जाकीट आलं. झगझगीत, डोळ्यांत जाणारं. बंदुकीच्या हंगामात तिथं तसलं जाकीट आणि टोपी घालणं बंधनकारक आहे, म्हणजे एका शिकाऱ्याला दुसरा हरीण वाटू नये. हरणांना तो रंग आपल्यासारखा उठून दिसत नाही म्हणे. त्यानं घालून दाखवलं, एक बटण लोंबत होतं. ते मी शिवावं की नाही? शेवटी शिवलं. त्यानं दुसऱ्याला वाचवायचं किंवा दुसऱ्यानं त्याला, एवढंच त्या जाकिटाचं काम. शिवता शिवता त्याला पुरूरव्याची गोष्ट सांगितली. भिल्ल रानात शिकारीला निघालेला, झाडीत काहीतरी हललं, हरीण समजून त्यानं बाण लावला. बायकोनं, कालिकेनं, हात धरला. म्हणाली, मारू नका, हे वनदेव हिंडतायत. ते सागरसेन मुनी होते. भिल्लानं तिथंच मद्य-मांस-मध सोडलं, आणि कितीतरी जन्मांनी तोच जीव भगवान महावीर झाला.

जावई म्हणाला, "म्हणजे तुमचे महावीर एकेकाळी शिकारी होते?"

"होते."

तो यावर बराच वेळ विचार करत होता. मी पुढं काही जोडलं नाही, गोष्ट तिथंच संपते.

नोव्हेंबरच्या मध्याला, शनिवारी हंगाम सुरू होणार, म्हणून तो शुक्रवारी पहाटे निघाला. तीन महिन्यांची पोर टाकून जातोय म्हणून लेक धुसफुसत होती. पण मी होते म्हणूनच त्याला जाता येत होतं, हेही माझ्या लक्षात आलं. त्याचा मणी कोणता ते मी शोधत बसले नाही. तिखट-मिठाच्या पुऱ्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. जाऊ म्हणाली, हेच मुळी द्यायला नको होतं. असेल. माझ्यानं उपाशी पाठवणं झालं नाही.

मिसुरीत हरीण मारलं तर त्याच दिवशी रात्री दहाच्या आत सरकारला कळवावं लागतं. म्हणजे दहापर्यंत घरीही कळणार. शनिवारी मी दिवसभर मौन ठेवलं. मनात एकच, याला काही मिळू नये. मग वाटलं, पोटच्या पोरासारख्या माणसाचं अपयश चिंतायचं हेही काही शुभ भाव नव्हेत. मग नुसतंच, सगळ्या जीवांना सुख असो, असं म्हणत बसले, पण डोळे घड्याळावर. दहा वाजले. फोन नाही. रविवारीही नाही.

सोमवारी रात्री तो आला. ओठ फुटलेले, डोळे लाल, अंगाला पाचोळ्याचा वास. काही नव्हतं बरोबर. रविवारी सकाळी दोन माद्या दिसल्या, म्हणाला, डोंगराच्या अगदी धारेवर, मागं नुसतं आकाश. पलीकडे काय आहे ते दिसत नव्हतं, म्हणून बोट चापावर नेलंच नाही. पुस्तकातला तो शेवटचा नियम. नाहीतर? लेकीनं विचारलं. तो म्हणाला, "माहीत नाही. खरंच माहीत नाही. पुढच्या वर्षी परत जावं लागेल."

म्हणजे त्याचा प्रश्न तसाच राहिला, आणि माझाही. मी त्याला गरम वरणभात वाढला. रात्र झालेली, मी नुसती समोर बसले.

जेवता जेवता त्यानं सांगितलं, "आई, रविवारी दुपारी मी बंदूक गाडीत कुलपात ठेवली आणि तुमची खिंड बघायला गेलो. नुसतीच. जमीन खुरांनी तुडवून ठेवलेली, ओल्या मातीत ताजे ठसेच ठसे. सगळी हरणं तिथूनच जातात. तुमचं अगदी बरोबर होतं."

खोटं कशाला सांगू मैत्रिणींनो, ते ऐकून पहिल्यांदा मला आनंद झाला. मग मी माळ आणायला आत गेले.